बघायचे पैसे

सकाळी ६.४०. तांबट आळीतली ठोकाठोक सुरू व्हायला अजून अवकाश आहे. चाचांचं शटर अर्धंच वर आहे. पूर्ण वर गेलं की गिऱ्हाईक आत शिरतं, म्हणून पहिला अर्धा तास ते अर्धंच ठेवतात. दुकान आठ बाय सहा. डाव्या हाताला मोटरवर फिरणारी सहाण, तिच्या शेजारी बफचं चाक. समोर लहानमोठ्या कानशी, मुठीला फडकी गुंडाळलेल्या. खिळ्याला एक भिंग लटकतंय, त्याची दोरी म्हणजे बुटाची नाडी. "बसा, स्टूल पुसलंय," चाचा म्हणतात. पुसलेलं असतं. तरी उठताना पँटीला काळं लागतंच.

चाचा शिकलगार. वय ६६. आजोबा एका संस्थानाच्या सिलेखान्यात तलवारी घासायचे. वडील कात्र्या-विळ्यांना धार लावत पुण्यात आले. चाचा दोन्ही करतात. पोट कात्र्यांवर चालतं. तलवारी, कट्यारी, खंजीर वर्षातून दोन-तीन महिने. सध्या पितृपक्ष आहे. लोकांची शुभकार्यं बंद आणि चाचांचा हंगाम सुरू. आठ दिवसांनी घट बसतील. खंडेनवमीला घरोघरची शस्त्रं पाटावर मांडली जातील. त्याआधी ती माळ्यावरून उतरतात आणि जुनेरात गुंडाळून इथे येतात. सगळी गंजलेली आणि बहुतेक सगळी 'शिवकालीन'.

सकाळी ७.१५. शिंप्यांच्या सात कात्र्या. एकीचे ६० रुपये. चाचा आधी कात्री उघडतात, कानाशी नेतात आणि मिटतात. खर्र आवाज आला तर धार गेलीय, टक् आवाज आला तर रिव्हेट ढिलं आहे. भाचा कात्री खोलतो, चाचा पाती सहाणेवर धरतात. ठिणग्या पायांवर पडतात. पायांत रबरी चप्पल, तिच्यावर जळल्याचे शंभरेक ठिपके. मग मटणवाल्याचे पाच सुरे, प्रत्येकी ५०. दोन विळ्या, प्रत्येकी ८०. विळीला जास्त का, तर खवणीचे दाते एकेक करून घासावे लागतात.

एक पोरगा कोयता घेऊन येतो. चाचा त्याच्या तोंडाकडे बघतात. "उसाचा?" पोरगा काहीच बोलत नाही. "ओळखीचं कुणी घेऊन ये." पोरगा निघून जातो. भाचा म्हणतो, मामू, शंभर रुपये गेले. चाचा पुढची विळी उचलतात.

सकाळी ९.३०. आज बुधवार. बुधवारी आणि रविवारी जुना बाजार. रिक्षाचे ६० रुपये. रस्त्याच्या कडेनं ताडपत्र्या पसरलेल्या: नळाच्या तोट्या, मिक्सरची भांडी, बंद पडलेली घड्याळं, एकाच पायाचे बूट. चाचा जुन्या कानशी शोधायला येतात. नव्या कानशीचं पोलाद त्यांना पटत नाही. दीडशे रुपयांत तीन मिळतात.

एका ताडपत्रीवर खंजीर आहे. मूठ घोड्याच्या तोंडाची, पांढरी. पात्यावर सोनेरी वेल आणि फारसी वाटावीत अशी अक्षरं. विक्रेता चाचांना ओळखत नाही. "मुघल आहे. अठरा हजार." चाचा उकिडवे बसतात. खंजीर उलटा करतात, मूठ आणि पातं मिळतात ती जागा बघतात आणि परत ठेवतात. दहा सेकंदही लागत नाहीत. आम्ही उठेपर्यंत किंमत चार हजारांवर आलेली असते.

काय बघितलंत, विचारलं तर चाचा चालता चालता सांगतात. मूठ उंटाच्या हाडाची. हाडात बारीक काळे ठिपके असतात, हस्तिदंतात एकमेकांना छेदणाऱ्या रेषा. पण तेवढ्यानं काही ठरत नाही, हाडाच्या जुन्या मुठीही असतात. गंज सगळीकडे सारखा, म्हणजे मिठानं चढवलेला. खरा गंज लहरी असतो, हात लागतो तिथे कमी आणि सांध्यात जास्त. आणि सोनं. खऱ्या कोफ्तगिरीत कारागीर आधी पोलादाचं अंग बारीक छिन्नीनं खरवडतो; आडव्या, उभ्या, तिरप्या रेघांनी ते मांजराच्या जिभेसारखं खरखरीत करतो. त्यावर केसाएवढी सोन्याची तार ठोकून बसवतो आणि अकिकानं घोटतो. सोनं झिजून गेलं तरी खालच्या रेघा उरतात. "ह्याचं सोनं निघालंय तिथं खाली गुळगुळीत. मुलामा आहे." उदयपूरला खरी कोफ्तगिरी करणारे कारागीर आजही आहेत. त्यांच्या कामाला चाचा मान देतात. नवीन माल नवीन म्हणून विकतात, त्यात वाईट काय? पोटात दुखतं ते गंज चढवणाऱ्याबद्दल.

सकाळी ११.२०. दुकानाच्या पायरीवर एक गृहस्थ बसलेले. पन्नाशीचे, पांढरा शर्ट, पायांत चामडी चप्पल. परभणीहून रात्रीच्या गाडीनं आलेत. मुलगा हिंजवडीत नोकरीला आहे, त्यानं चाचांचा पत्ता काढला. मांडीवर खणाचं गाठोडं. गाठ सोडताना त्यांचे हात जरा थरथरतात. प्रवासाचा शीण असेल.

आत वाकडा खंजीर. चांदीचं म्यान काळं पडलेलं, त्याचं टोक गळासारखं वर वळलेलं. कमरेच्या पट्ट्याचा एक तुकडा शिल्लक आहे, त्याला एक मोठं चांदीचं नाणं टाकून बकल केलंय. मुठीच्या खाचांत शेंदूर-कुंकवाचा लाल चिखल बसून दगड झालाय.

"महाराजांच्या काळातला आहे म्हणतात," गृहस्थ सांगतात. "लई जुना. पोरानं ह्या नाण्यावरचा आकडा वाचला. सतराशे ऐंशी. म्हंजे पेशवाई तर पक्कीच ना, चाचा?"

चाचा हो म्हणत नाहीत, नाहीही म्हणत नाहीत. "चहा घेता?" १० रुपयांचे तीन चहा येतात.

२०२४ च्या जुलैत लंडनच्या संग्रहालयातली वाघनखं साताऱ्याला आली, त्या महिन्यात चाचांकडे चार वाघनखं बघायला आली होती. तीन नवीकोरी. चौथं जुनं होतं, पण तोंडावर सांगितलं की वयाचा अंदाज येत नाही. मालक रागावून गेले. ह्या धंद्यात घासायचे पैसे मिळतात, बघायचे मिळत नाहीत. आणि मनासारखं बघितलं नाही तर घासायचेही जातात.

सकाळी ११.४५. चाचा फूटपट्टी घेतात. आधी कायदा, मग इतिहास. पातं नऊ इंचांपेक्षा लांब किंवा दोन इंचांपेक्षा रुंद असेल तर ते हत्यार कायद्याच्या यादीत जातं. म्यान ओढतात. निघत नाही. डिझेलचे चार थेंब म्यानाच्या तोंडाशी सोडून दहा मिनिटं उभं करून ठेवतात. पूर्वी रॉकेल वापरायचे, आता रॉकेल मिळत कुठे? मग लाकडी हातोडीनं म्यानाच्या ओठावर टिचक्या. चौथ्या टिचकीला पातं चिमूटभर सरकतं. लांबी पावणेआठ इंच, रुंदी पावणेदोन. भाचा वहीत लिहून घेतो.

"पुतण्या अमेरिकेत आहे माझा," गृहस्थ म्हणतात. "तो म्हणतो, तिकडं पाठवा, लिलावात टाकू."

"शंभर वर्षांच्या वरचं असेल तर देशाबाहेर नेता येत नाही. बहात्तर सालचा कायदा आहे."

"अन् शंभरच्या आतलं असलं तर?"

"तर लिलावात कोण घेणार?"

गृहस्थ हसतात. पहिल्यांदाच.

दुपारी १२.१५. आता खरं बघणं. चाचा खंजीर टेबलावर आडवा ठेवतात आणि हात मागे घेतात. भिंगाला इतक्यात हात लावत नाहीत. "आधी लांबून. जवळ गेलं की नक्षीत फसतो माणूस."

लांबून दिसतं ते असं. पातं दुधारी, मधोमध उठलेला कणा, टोकाकडे वळलेलं. मूठ कमरेत बारीक, वर-खाली रुंद. म्यानाचं टोक जवळजवळ उलटं फिरून वर आलेलं. मराठी घरातली कट्यार अशी नसते. कट्यारीला दोन दांड्या, त्यांच्यामधल्या आडव्या पकडीत मूठ वळते आणि पातं सरळ. बिचवा वाकडा खरा, पण त्याला बोटं घालायचं कडं असतं. ह्याला कडं नाही आणि आडवी पकडही नाही.

"जंबिया," चाचा म्हणतात. शब्द आपल्या बोलीत इतका मुरलाय की तो बाहेरून आला हेच विसरायला होतं. अरबांचा शब्द, अरबांचं हत्यार. आणि टोकाचा तो गळ हद्रामौतकडचा, म्हणजे येमेनचा पूर्वेकडचा भाग. तिथले शिपाई दख्खनेत पिढ्यान्‌पिढ्या चाकरी करत होते. कोरेगावच्या लढाईत पेशव्यांकडून लढलेल्यांत अरब होते. १८१८ मध्ये मालेगावचा किल्ला इंग्रजांविरुद्ध धरून बसले ते अरबच. निझामाच्या फौजेत तर त्यांच्या पलटणीच्या पलटणी. हैदराबादचं बारकस म्हणजे त्यांच्या बराकी. मराठवाड्यात ज्यांना चाऊस म्हणतात ते त्यांचेच वंशज. परभणीकर गृहस्थांना हे सांगावं लागत नाही. त्यांच्या वर्गात दोन चाऊस होते.

"म्हंजे अरबस्तानातून आलाय?"

"आकार आलाय. वस्तू आली का ते बघू."

चाचांच्या फळीवर एगर्टनच्या १८८० च्या इंग्रजी पुस्तकाची झेरॉक्स आहे, हिंदुस्थानी शस्त्रांची. पानं तेलकट. चाचांना इंग्रजी वाचता येत नाही, ते चित्रं बघतात. भाचा खालच्या ओळी वाचतो आणि दर तिसऱ्या शब्दाला अडतो. चाचा पान उलटतात. चित्रावरून घराणं कळतं, घर कळत नाही, असं त्यांचं म्हणणं.

आता नाणं. त्यावर एका लठ्ठ बाईचा मुखवटा, डोक्यावर ओढणीसारखं काहीतरी, मागे दोन तोंडांचा गरुड. कडेला १७८०. चाचा ते काट्यावर ठेवतात. बकलाच्या आकड्यासकट साडेतीस ग्रॅम. "मारिया थेरेसा. ऑस्ट्रियाची राणी. वारली सतराशे ऐंशीत." ती गेली तरी तिचं नाणं थांबलं नाही. अरबस्तानातल्या आणि इथिओपियातल्या व्यापाऱ्यांचा ह्याच नाण्यावर विश्वास बसला होता, म्हणून पुढे पाडलेल्या प्रत्येक नाण्यावर तेच साल ठेवलं. दुसऱ्या महायुद्धात, १९४०-४१ मध्ये, मुंबईच्या टांकसाळीनंही ही नाणी पाडली. त्यांच्यावरही १७८०.

गृहस्थ नाणं हातात घेऊन बघत राहतात. "म्हंजे हे मुंबईच्या फोर्टातलंही असू शकतं?"

"असू शकतं. साल बघून काही ठरत नाही."

मला हा माणसाच्या भोळेपणाचा भाग वाटत नाही. एवढा ठळक आकडा समोर असला की कुणीही त्यालाच धरणार. मीही धरला असता.

दुपारी १.१०. डबा. भाकरी, मसूर, कांदा. गृहस्थ घरून आणलेले धपाटे काढतात. चाचा एक घेतात, भाचा तीन. पंखा आवाज करतो म्हणून जेवताना बंद. तांबट आळीतला ठोका आता चांगला ऐकू येतो, दोन हातोड्या एकीआड एक.

दुपारी २.००. चांदी कुठली ते बघायला रविवार पेठेत. तिथे एका ओळखीच्या सराफाकडे शुद्धता तपासायचं यंत्र आहे. वस्तू डब्यात ठेवायची, झाकण लावायचं, पडद्यावर टक्के येतात. दोन ठिकाणी तपासायचे २०० रुपये.

पहिला आकडा मुठीच्या पत्र्याचा. ९५.२. गृहस्थ खूश. सराफाचा मुलगा मान हलवतो. जुन्या चांदीचं वरचं अंग नेहमी जास्त शुद्ध दाखवतं. घडवताना तापवून आम्लात बुडवतात, तेव्हा वरचं तांबं निघून जातं आणि मागे चांदीचं कातडं उरतं. आत काय आहे ते बघायचं तर खरवडावं लागेल.

चाचा पत्र्याची आतली कड शोधतात, बाहेरून कधीच दिसणार नाही अशी. कानशीचा एकच हात. पुन्हा डब्यात. ९१.४.

"कलदार," चाचा म्हणतात. इंग्रजी रुपयाची चांदी ९१.७ टक्के. कलदार रुपये वितळवून सोनारानं मूठ मढवलेली दिसते. म्यानाच्या टोकाचा गळ मात्र वेगळा निघतो, ८२.१. ही राणीच्या नाण्याची चांदी असू शकते, तिच्यात ८३.३ टक्के असते. निझामाच्या हाली रुपयाचीही असू शकते, त्यात ८१.८. डाग लावलेल्या जागी एवढा बारीक फरक धरता येत नाही. सराफाचा मुलगा दोन्ही लिहून देतो.

नक्षीही चाचा तिथल्या दिव्याखाली बघून घेतात. येमेनकडचे सोनार तारकाम करतात आणि चांदीचे बारीक रवे एकाशेजारी एक डागतात, ज्वारीच्या कणसासारखे. इथे तार नाही, रवा नाही. पत्रा राळेवर ठेवून मागून ठोकलेला आहे. वेल, फुलं, आणि म्यानाच्या तोंडाशी दोन्ही बाजूंना कोयरी. आपल्या पैठणीच्या पदराला असते तशीच.

परतीच्या रिक्षाचे ६० चाचाच देतात. गृहस्थ पाकीट काढतात तोवर चाचा उतरलेले असतात.

दुपारी ३.३०. पातं. दुकानात एक तलवार तयार आहे, मर्दानी खेळाच्या एका आखाड्याची. भाचा तिला बफ मारतो. आरशासारखी चकाकते. ९०० रुपये, न्यायला माणूस येतोच. जंबियाच्या पात्याजवळ मात्र चाचा बफ येऊ देत नाहीत. मागच्या वर्षी एकाकडे जुनं पातं बफ करून आणलेलं आलं होतं, दीडशे-दोनशे वर्षांचं अंग दहा मिनिटांत गेलेलं. कुणी केलं ते चाचा सांगत नाहीत. "पैसे घेऊन केलं," एवढंच.

मुठीजवळचं एक इंच निवडतात, म्यानात झाकलं जाणारं. बांबूच्या काडीनं कुंकू खरवडतात. कुंकू निघालं की खाली खड्डे. दर दसऱ्याला ओलं कुंकू पात्यावर, ते पुसायचं नाही, तसंच म्यानात. पॉलिश पेपर आधी ४००चा, मग ८००, मग १२००, तेलात भिजवून, एकाच दिशेनं. चाळीस मिनिटं एका इंचासाठी. चाचांचा अंगठा पेपरावर असा दाबलेला असतो की नख पांढरं पडतं. मग राख लावून तेल काढतात. पाण्यानं धुतात. शेवटी वाटीत हिराकस, कोमट पाण्यात विरघळवलेला. कापसाचा बोळा बुडवून पात्यावर फिरवतात.

पहिल्यांदा काहीच नाही. दुसऱ्यांदा राखाडी. तिसऱ्यांदा राखाडीत पांढऱ्या, वेड्यावाकड्या, पाण्यावर वारा फिरावा तशा रेघा वर येतात. कुठेही सरळ नाहीत, कुठेही सारख्या अंतरावर नाहीत.

"जौहर," चाचा हळू म्हणतात. दुपारपासून पहिल्यांदाच त्यांचा आवाज बदललाय.

हे मुशीत बंद करून वितळवलेलं पोलाद. ते हळूहळू थंड होताना आत ह्या रेघा धरतात, आणि लोहार बेतानं तापवून घडवतो तेव्हा त्या टिकतात. वेगवेगळे पत्रे एकावर एक जोडून केलेल्या पात्यालाही रेघा असतात, पण त्या पापुद्र्यांच्या आणि सलग. सकाळच्या ताडपत्रीवरच्या खंजिराला तशा होत्या. मुशीतलं पोलाद तेलंगणात व्हायचं. निझामाबादकडच्या कोनासमुद्रमहून ते घ्यायला इराणचे व्यापारी येत. नांदेडच्या पुढे फार लांब नाही ते. पण म्हणून पातं तिथलंच, असं चाचा म्हणत नाहीत. पोलादाच्या वड्या जहाजानं जात आणि पाती होऊन परतही येत. "दख्खनचं असावं," ते म्हणतात, आणि 'असावं'वर जोर देतात.

गृहस्थ तो एक इंच भाग मोबाइलवर टिपतात. चार फोटो. पाचवा काढताना वाटीला हात लागतो आणि हिराकस झेरॉक्सवर सांडतो. एगर्टनच्या एका पानावर आता कायमचा तपकिरी नकाशा.

संध्याकाळी ४.५०. म्यानाचा मागचा पत्रा एका कडेनं सुटलाय, आतलं लाकूड आकसलंय. राळ भरून तो परत बसवायचा. त्याआधी साफ करायला चाचा पत्रा दोन बोटं वर उचलतात, आणि थांबतात.

"भिंग दे."

भाचा नाडी ओढतो. चाचा बराच वेळ बघतात, मग भिंग माझ्याकडे देतात. पत्र्याच्या आतल्या अंगावर, राळेच्या काळ्या पापुद्र्याखाली, सुईनं ओरखडलेलं काहीतरी. आधी ओरखडेच वाटतात. मग डोळा सरावतो. दोनाचा आकडा, त्याच्या पुढे सात, आणि पुढे दोन उभ्या रेघा. २७॥.

आपल्या आजोबांच्या चोपड्यांतून असंच लिहिलेलं असायचं. एक उभी रेघ पाव, दोन अर्धा, तीन पाऊण. साडेसत्तावीस. सोनारानं मढवण्याआधी चांदी तोलली, वजन विसरू नये म्हणून पत्र्याच्या आतच टोचून ठेवलं आणि वर राळ ओतली. साडेसत्तावीस तोळे असावेत. म्हणजे ३२० ग्रॅम. खरं-खोटं करायचं तर सगळी चांदी लाकडावरून सोडवावी लागेल, ते कुणी करणार नाही.

गृहस्थ भिंगातून बघतात. बराच वेळ. मग भिंग खाली ठेवून चष्मा पुसतात.

"हे तर मराठीच की हो."

"हो."

"मग आमचाच झाला ना? शिवकालीन?"

चाचा राळ तापवायला घेतात. राळ, विटेची भुकटी, थोडं तेल. पातेली गॅसवर. धूर डोळ्यांत जातो. "साहेब, सोनार मराठी. चांदी इंग्रजाच्या रुपयाची, म्हणून शिवाजी महाराजांच्या फार नंतरची. पातं कदाचित चांदीपेक्षा जुनं. बकल त्याहूनही नंतर कुणीतरी लावलेलं. आकार अरबाचा, म्हणजे करून घेणारा अरब." मग जरा थांबून, "कुठला विचारलात तर मी मराठवाडा सांगीन. शंभर ते दीडशे वर्षं."

संध्याकाळी ६.००. राळ घट्ट होईपर्यंत पत्रा सुतळीनं बांधून ठेवलाय. गृहस्थ पायरीवर बसलेत. आखाड्याचा माणूस तलवार घेऊन गेला, ९०० रुपये रोख. तांबट आळी शांत होत चाललीय.

मग ते आपणहून बोलतात. "आजी एक सांगायची. आमच्या पणजोबाकडं एक चाऊस यायचा, सावकारी करायचा गावात. एका दुष्काळात त्यालाच दाणे पाहिजे झाले. त्यानं हा ठेवला अन् दोन पोती जवारी नेली. सोडवायला काही आला नाही." थोडं थांबतात. "वडिलांना ते पटायचं नाही. ते म्हणायचे, आपण देशमुखाचे, आपल्याकडं गहाणाचं कशाला असंल?"

चाचा सुतळी सोडतात. "आजी काय म्हणायची, किती पोती?"

"दोन."

"स्वस्तात गेला."

संध्याकाळी ६.४०. बिल. सफाई ७००. राळ भरून पत्रा बसवणं ५००. यंत्राचे २००. एकूण १,४००. चाचा कागदावर लिहितात, गृहस्थ फोनवरून पाठवतात, भाचा आवाज आल्याची खात्री करतो. जंबिया कुठला ते शोधण्यात अख्खी दुपार गेली. त्याची ओळ कागदावर नाही. मी विचारतो. चाचा पेन्सिल कानावर ठेवतात. "काय लिहू? बघितलं?"

पातं आणखी साफ करायचं का, गृहस्थ विचारतात. चाचा नको म्हणतात. तेवढाच एक इंच उघडा ठेवा, बाकी तेल लावून राहू द्या. खोबरेल नको, ते चिकट होतं. शिलाई मशीनचं तेल. चामड्याच्या म्यानात ठेवू नका. खण चालेल, पण कोरडा.

रात्री ७.३०. हिशोब. जमा: कात्र्या ४२०, सुरे २५०, विळ्या १६०, तलवार ९००, जंबिया १,४००. एकूण ३,१३०. खर्च: भाच्याची हजेरी ५००, रिक्षा १२०, चहा ८०, पॉलिश पेपर सहा शीट १५०, यंत्र २००, डिझेल ५०, कानशी १५०. एकूण १,२५०. हातात १,८८०. भाडं आणि लाइटबिल वेगळं. चांगला दिवस. पितृपक्षातला. कार्तिकात ह्याच वहीत चारशे-पाचशेचे दिवस आहेत.

शटर अर्धं खाली येतं. चाचा हात धुतात, साबणानं, मग मातीनं, मग परत साबणानं. नखांतलं काळं जात नाही.

रात्री ८.०५. फोन वाजतो. गृहस्थ. स्टेशनवर आहेत, मागे गाडीची घोषणा. चाचा स्पीकर लावतात.

"चाचा, घरी आईशी बोललो. आई विचारती, दसऱ्याला पाटावर ठेवायचा ना? आता तो आपला नाही तर."

"ठेवा की. इतकी वर्षं ठेवलात."

"अन् कुंकू?"

"म्यानाला लावा. पात्याला नको."

पलीकडून आईला ओरडून सांगितल्याचा आवाज येतो. मग फोन कट होतो, की गाडी सुटते, कळत नाही. चाचा शटर ओढतात. कुलूप जरा अडतं. खिशातली तेलाची कुपी काढून ते त्यात दोन थेंब सोडतात.